मदत हवी आहे : बसरा मोहिमेत गेलेल्या राखीव शिपायाची नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आमचे चुलत पणजोबा (सातारा जिल्हा) ११० व्या मराठा पलटणीतले. नोकरी संपवून राखीव यादीत होते, शेती करत होते. १९१४ ला पहिल्या महायुद्धासाठी बोलावणं आलं आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. परत आले नाहीत. घरात एवढंच सांगतात की ‘बसऱ्याला गेले’. तिथल्या कुत गावी तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) वारले, की नंतर तुर्कांच्या कैदेत, कुणालाच माहीत नाही. कैदेतही पुष्कळ माणसं दगावली होती.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर बसरा स्मारकाच्या यादीत शोधतोय. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतं, पण इंग्रजांनी आडनावं कानाला येतील तशी लिहिलीत. गावाचं स्पेलिंग तर विचारूच नका! नुसत्या पलटणीवरून आणि जिल्ह्यावरून यादी गाळता येते का?

दुसरं, ही पलटण १९२२ मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. बेळगावच्या मराठा सेंटरला पत्र लिहिलं तर इतके जुने कागद मिळतात का? कुणी लिहिलंय का? राखीव शिपायांची हजेरी वेगळी ठेवत असत का, तेही सांगा.

गावात महायुद्धाची पाटी आहे, पण तिच्यावर फक्त किती गेले आणि किती मेले एवढे आकडे. शेजारी नावाचा दगड बसवायला ग्रामपंचायत तयार आहे, फक्त लेखी पुरावा मागतेय.