१४७ ते ७२: मधला प्रत्येक आकडा जमतो

प्रश्न असा, की स्नूकरमध्ये एकाच खेळाडूने एकाच ब्रेकमध्ये (न चुकता सलग एका खेळीत) टेबल साफ केलं तर एकूण गुणांचे कोणते आकडे जमणारच नाहीत? फ्री बॉल (फाउलनंतर कधी कधी मिळणारी, दुसरा चेंडू लाल म्हणून मारायची सवलत) नाही आणि एका फटक्यात एकच लाल, असं धरू. उत्तर असं: ७२ ते १४७ मधला प्रत्येक आकडा जमतो. प्रत्येकी एका गुणाचे १५ लाल आणि शेवटचे सहा रंग मिळून ४२ ठरलेलेच. मधले, म्हणजे प्रत्येक लालनंतर मारायचे, १५ रंग प्रत्येकी २ ते ७ गुणांचे (पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७), म्हणजे त्यांची बेरीज ३० ते १०५ मधली कुठलीही.

मला जास्त आवडतं ते पुढचं. आकडा किती वेगवेगळ्या क्रमांनी जमतो?

मे महिन्यात गुहागरला ओटीवर भाच्यासोबत हे मांडलं. लाल चेंडूंच्या जागी पिकलेले रतांबे, रंगांना शर्टाची बटणं. १४७ एकाच तऱ्हेने. १४६ ला एका काळ्याऐवजी गुलाबी, म्हणून १५ तऱ्हा. १४५ ला तो १०५ म्हणाला. दोन गुलाबी धरले, एक निळा विसरला! खरं उत्तर १२०. मग १४४ ला ६८०. १, १५, १२०, ६८०: हा तर मेरुप्रस्तार, म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज खाली मांडत जाणारा पास्कलचा त्रिकोण; त्याच्या एका तिरप्या ओळीतले हेच आकडे! पोराचा चेहरा काय खुलला.

हा क्रम १४२ पर्यंत टिकतो, १४१ ला मोडतो. मेरुप्रस्तार ३८७६० सांगतो, प्रत्यक्षात ३८७४५. त्या १५ तऱ्हांना एक गुणाचा रंग लागला असता, आणि पिवळ्याखाली रंगच नाही.