मदत हवी आहे: आयरिसच्या स्पर्धेत परीक्षक नेमकं काय बघतात?

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहते. मेअखेरीस इथल्या आयरिस प्रदर्शनात पहिल्यांदाच फूल ठेवायचं म्हणते आहे. पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन दरवर्षी बघायचे, पण ते प्रेक्षक म्हणून!

माझ्याकडे 'इम्मॉर्टॅलिटी' जातीची आयरिस आहे, पांढरी, उंच दाढीवाली (खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी केसाळ पट्टी असते ती). अमेरिकन आयरिस सोसायटीच्या वर्गवारीत 'उंच' म्हणजे साडेसत्तावीस इंचांच्या वर. माझा दांडा यंदा जेमतेम सव्वीस इंच भरतोय. वर्ग त्या जातीच्या नोंदणीवरून ठरतो, माझ्या दांड्यावरून नाही, हे कळलं. पण मग ठेंगणेपणाचे गुण किती कापतात? जातीचं फूल जसं असायला हवं तसंच दिसावं, यावर म्हणे फार भर असतो.

दुसरं, एका दांड्यावर किती फुलं उमललेली हवीत? खालचं फूल सुकलं तर ते काढून टाकलेलं चालतं, पण खूण दिसली की गुण जातात का? कळ्यांवरची सुकलेली कागदी आवरणं सोलू की राहू देऊ? आणि कळी आधीच फुटायला लागली तर चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून कुणी वेळ साधली आहे का? आमच्या फ्रिजमध्ये सफरचंदं असतात, त्यांच्या वायूने फुलं लवकर माना टाकतात, म्हणून धास्ती वाटते.

(गंमत म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या तीन पाकळ्यांनाही इथे 'स्टँडर्ड'च म्हणतात. त्यामुळे 'स्टँडर्ड काय आहेत' असं विचारलं की लोक फुलाकडे बोट दाखवतात.)

स्वतः ठेवलेल्यांचे, परीक्षकांच्या हाताखाली काम केलेल्यांचे अनुभव हवेत. फोटो उद्या टाकते.