पाण्याचं विज्ञान फोटोतून शिकवताना: थेंबाची रेघ, ट्यूबलाइटचे पट्टे आणि बाकीचे प्रश्न

निळीशाई
सातवी-आठवीच्या विज्ञान मंडळासाठी पाण्यावर फोटोग्राफीचा उपक्रम घ्यायचा आहे. दर गटाला प्रो मोड (शटर, फोकस वगैरे हाताने ठरवता येतात तो कॅमेरा मोड) असलेला एक साधा अँड्रॉइड फोन मिळेल. ट्रायपॉड नाही, मॅक्रो लेन्स नाही. अडचणी अशा: पडणारा थेंब टिपायला गेलं की थेंबाऐवजी लांब रेघ येते. वर्गात स्लो मोशन घेतलं की चित्रावर पट्टे सरकतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फोटो देखणा आला की मुलं खूश, 'असं का झालं' हे कुणी विचारत नाही. पृष्ठताण, अपवर्तन, घनता यातून कसं पोहोचवावं?

टिपकागद
ती रेघ घालवायची घाई करू नका, आधी मुलांना मोजायला लावा. शटर उघडं असताना थेंब जेवढा खाली सरकतो तेवढी रेघ उमटते. ५ सेंमी पडलेल्या थेंबाचा वेग साधारण १ मीटर प्रतिसेकंद, २० सेंमीला २, ४५ सेंमीला ३. म्हणजे शटर १/१२५ सेकंद ठेवलं तर सरकणं अनुक्रमे ८, १६ आणि २४ मिमी. उंची चौपट केली की वेग दुप्पट, हे मुलांना पट्टीवर दिसतं.

थेंबाच्या पडण्याच्या रेषेतच, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर स्टीलची पट्टी उभी बांधा. पट्टी मागे राहिली तर सगळी मापं चुकतात. रेघेत थेंबाची स्वतःची जाडीही धरली जाते, म्हणून मोजलेल्या रेघेतून थेंबाचा व्यास वजा करायचा. त्यासाठी १०० थेंब मोजपात्रात पकडा: ५ मिली भरलं तर एक थेंब ०.०५ मिली, व्यास सुमारे ४.५ मिमी.

फोन उभाच धरा. मोबाईलचा सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. फोन आडवा असला की वाचन थेंबाच्याच दिशेने किंवा उलट सरकतं आणि रेघ खोटी लांब किंवा आखूड होते. उभ्या फोनमध्ये ही गडबड टळते.

थेंबांसाठी मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, सुई काढून टाका. नळीवरच्या चाकाने सेकंदाला एक थेंब असा वेग धरता येतो. बाटलीतली पातळी उतरली की वेग बदलतो, तेव्हा अधूनमधून चाक फिरवावं लागतं. थेंब पडतो तिथे पेन्सिलचं टोक धरून फोकस करा, फोकस मॅन्युअलला लॉक करा, पेन्सिल काढा आणि बर्स्ट मोडवर, म्हणजे एकापाठोपाठ भराभर, फोटो घ्या.

रेघ हवी तेव्हा खोलीत, खिडकीजवळ, मागे काळा कागद. थेंब गोठवायचा, म्हणजे रेघेविना स्थिर दिसायला हवा असेल तर बाहेर कडक उन्हात, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ५०-१००, शटर १/४०००. ३ मीटरच्या वेगालाही सरकणं पाऊण मिलिमीटरच राहतं. पट्ट्यांचं कारण असं की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि सेन्सर एकेक ओळ वाचत असल्याने काही ओळी उजळ, काही अंधुक येतात. स्लो मोशन दिवसाउजेडीच घ्या.

पाणकणीस
पृष्ठताण आणि अपवर्तनासाठी अळूचं पान पुरे. पानाच्या अर्ध्या भागावरून साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवा, अर्धा तसाच ठेवा, दोन्हीकडे थेंब सोडा आणि कॅमेरा पानाच्या पातळीला आणून बाजूने फोटो घ्या. एकीकडे जवळजवळ गोल मोती, दुसरीकडे पसरलेला चपटा डाग.

मग एक ताजं पान काचेच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवा. समोरून हिरवं दिसणारं पान एका कोनानंतर चांदीसारखं चमकतं. पानावरच्या मेणचट बारीक उंचवट्यांत हवेचा पातळ थर अडकलेला असतो, आणि पाण्याकडून हवेकडे जाणारा प्रकाश सुमारे ४९ अंशांपुढे पूर्ण परतवला जातो. पाठ्यपुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. साबण लावलेला भाग चमकत नाही. ते दोन फोटो शेजारी लावा. पान फाटू देऊ नका, चिकाने खाज येते.

सकाळी लवकर अळूच्या टोकावर लोंबणारा थेंबही टिपा. मुलं त्याला दव म्हणतील. दव पानभर बारीक ठिपक्यांनी जमतं, टोकावरचा टपोरा थेंब बहुधा झाडाने मुळांतून ओढून बाहेर सोडलेलं पाणी असतं. दोन्ही एकाच फोटोत मिळाले तर त्यावर एक अख्खा तास घेता येतो.

प्रयोगवही
वरचं सगळं पटलं, फक्त थेंब गोठवण्यावर फार वेळ घालवू नये असं मला ठामपणे वाटतं. तुमच्या तिसऱ्या अडचणीवर उपाय जोडीचे फोटो: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच, आणि काय होईल ते शटर दाबण्याआधी वहीत लिहायचं.

निळी शाई घालून बर्फाचे खडे करा. दोन ग्लासांत सारख्याच तापमानाचं २५० मिली पाणी घ्या, एकात दोन चहाचे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. दोन्हींत एकेक खडा सोडून दर ३० सेकंदांनी फोटो. बहुतेक मुलं लिहितील की मिठाच्या पाण्यात बर्फ लवकर वितळेल. फोटोत उलटं दिसतं. साध्या पाण्यात निळे धागे तळाशी उतरतात, कारण वितळलेलं गार पाणी जड असतं. त्याच्या जागी कोमट पाणी येत राहतं. मिठाच्या पाण्यात ते वितळलेलं पाणी हलकं ठरून वरच निळा थर करून बसतं आणि बर्फ गारच राहतो. खडा सोडताना पाणी ढवळलं गेलं तर थर मोडतो, म्हणून चमच्याने अलगद सोडा.

एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) दोन्ही लॉक हवेतच. ऑटोवर फोन प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळतो आणि रंग दुरुस्त करतो. पावसाळ्यातलं ओढ्याचं गढूळ पाणी निवळताना टिपलं तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोतला फरकच पुसला जातो. चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा राहू द्या. तो सगळ्या फोटोंत सारखा दिसला तरच तुलना करा.

निळीशाई
प्रो मोडमध्ये स्लो मोशन चालतच नाही, तिथे लॉक कसं करायचं?

टिपकागद
साध्या व्हिडिओ मोडमध्ये स्क्रीनवर दिसणाऱ्या स्टीलच्या पट्टीवर बोट दाबून धरा, बहुतेक फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. फोकस आणि एक्स्पोजर तिथेच थांबतात. व्हाइट बॅलन्स मात्र त्याने हमखास थांबत नाही, म्हणून रंगाची तुलना व्हिडिओवरून करू नका, फोटोंवरूनच करा.