मदत हवी आहे: सय्यिदुल इस्तिग़फ़ार देवनागरीत बिनचूक कसा लिहायचा?

अस्सलामु अलैकुम मंडळी. अरबी न वाचता येणाऱ्या मराठी वाचकांसाठी सकाळच्या अज़कारचा (रोज म्हणायच्या अरबी दुआ-प्रार्थनांचा) एकपानी तक्ता करतोय. आयतुल कुर्सी (कुरआनातली एक आयत) एकदा, इख़लास-फ़लक़-नास (कुरआनातल्या शेवटच्या तीन सूरा) तीन-तीनदा, 'बिस्मिल्लाहिल्लज़ी'नं सुरू होणारी दुआ तीनदा, इथवर ठीक. घोडं अडलंय ते सय्यिदुल इस्तिग़फ़ार या क्षमायाचनेच्या दुआपाशी.

मुख्य अडचण शेवटच्या ऱ्हस्व 'अ'ची. 'अबूउ लक बिनिअमतिक अलय्य' असं लिहिलं की मराठी माणूस सवयीनं 'लक्' म्हणतो. 'लका' लिहिलं तर स्वर लांबतो, तीही चूकच. 'यग़फ़िरुज़्ज़ुनूब इल्ला अन्त' मध्येही तेच: 'ज़ुनूब'चा 'ब' पूर्ण हवा. वक़्फ़ केला, म्हणजे वाचताना थांबलं, तर मात्र शेवटचा स्वर गळतोच, म्हणजे 'अब्दुक'वर थांबणारा 'अब्दुक्' म्हणाला तरी बरोबर. मग थांबायच्या जागी उभी रेघ आणि न थांबता वाचायच्या अक्षराखाली टिंब, असं कुणी करून पाहिलंय का? लोकांना ते कळतं का?

दुसरं, ऐन हे घशातून उच्चारायचं अरबी अक्षर. 'सनअतु' सरसकट 'सनातु' होतं. वर उलटा स्वल्पविराम दिला तर लोक तो छपाईचा डाग समजतात! ज़ाल या अरबी अक्षराचंही तसंच: नुक्ता (अक्षराखालचं टिंब) दिला तरी 'अऊज़ु'मधला ज़ 'जहाज'मधल्या ज सारखा निघतो, जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतच नाही. हे कागदावर सुटणारं नाही, त्यासाठी ऐकूनच शिकायला हवं असं माझं मत.

आणखी एक: तक्त्यातल्या दुसऱ्या एका दुआतलं 'अस्बहना' संध्याकाळी 'अम्सैना' होतं, त्याच दुआत 'हाज़ल यौम'चं 'हाज़िहिल्लैला'. दोन्ही एकाच पानावर कंसात द्यावं की वेगळं पान करावं? कंस दिला की काहीजण दोन्ही शब्द सलग म्हणून टाकतात. मक्तबमध्ये (मुलांच्या कुरआन-शाळेत) शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.