उलट-सुलट फिरणारे दोन ड्रम

एकमेकांच्या उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन ड्रमच्या वॉशिंग मशीनचं काही जण कौतुक करतात. डायसन या ब्रिटिश कंपनीने २००० साली असं मशीन काढलं होतं. हाताने धुतल्यासारखा कपडा पिळवटून निघावा ही कल्पना. झकासच! पण यंत्रणा वाढली, किंमतही चढली आणि २००५ साली ते बंद झालं.

आमच्याकडे नाशकात, सिडकोत वरून कपडे टाकायचं, पण आडव्या ड्रमचं होतं. वाकावं लागत नाही, अरुंद गॅलरीत मावतं. एकदा ड्रमची झडप नीट न लावता सुरू केलं, अन् ती आतच अडकली. आईची नऊवारी ओलीचिंब आत! मेकॅनिक डोकं खाजवत गेला. पार्ट मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. तोवर बादली आणि ब्रश. वेगळं घ्यायचंच तर आधी विचारा, नाशकात दुरुस्त कोण करतं?