कपाटामागची जागा आणि रोजचे अन्न
लपण्याच्या जागेचे दार झाकणाऱ्या पुस्तकांच्या फिरत्या कपाटामुळेच डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचे ज्यू कुटुंब नाझींपासून लपून दोन वर्षे तगले, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. कपाट महत्त्वाचे होतेच. पण जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये अन्नधान्य रेशनवर मिळत असे आणि लपलेल्यांना स्वतःच्या नावावर कुपने घेता येत नसत, त्यामुळे जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात अ‍ॅमस्टरडॅममधील त्या घरात लपलेल्या, पुढे आठ झालेल्या माणसांना रोज जेवू घालणे हेच मोठे जोखमीचे काम होते.

लपलेल्यांना बाहेरून मदत करणाऱ्यांपैकी मीप खीस यांचे पती यान नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतील ओळखींतून कुपने मिळवत, मीप भाजी आणत आणि त्यांच्या सहकारी बेप फोस्काउल दूध-पावाचे पाहत. जवळच्या लेलीग्राख्तवरील भाजीविक्रेते हेन्ड्रिक फान हूवे यांचाही उल्लेख इथे व्हायला हवा, असे मला वाटते. मे १९४४ मध्ये त्यांना अटक झाली, तीही स्वतःच्या घरी दोन ज्यूंना आसरा दिल्याबद्दल. छळछावण्या भोगून ते जिवंत परतले. इकडे त्यांच्या अटकेबरोबर भाजी-बटाट्यांचा पुरवठा आटला आणि लपलेल्यांना सकाळची न्याहारीच सोडून द्यावी लागली.