बायपोलर असताना गांजा: मनाला आराम की आजाराला खतपाणी?

कोराकागद:
बायपोलर म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी पार खचतो असा आजार. त्यातल्या टाइप २ चं, म्हणजे चढ जरा सौम्य असलेल्या प्रकाराचं, निदान होऊन मला नऊ वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं जवळजवळ रोज रात्री गांजा ओढला. चौदा महिन्यांपूर्वी सोडला. "गोळ्यांनी दगड व्हायला होतं, गांजाने निदान माणसात येतो" हे मी स्वतः कितीदा बोललोय, आणि या आजाराच्या पुष्कळांकडून अजून ऐकतो. माझं मत आता उलट आहे.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी वही ठेवायला लावली. रोज चार नोंदी: झोप किती तास, मूड उणे पाच ते अधिक पाचमध्ये कुठे, गोळी घेतली का, गांजा किती वेळा. मन खचलं की मी ओढतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. तीन महिन्यांनी पानं चाळली. खचलेल्या दिवशी एखादाच झुरका, कधी तोही नाही. सगळ्यात जास्त ओढलेलं होतं अधिक दोन, अधिक तीनच्या दिवशी. उदासी घालवायला नाही, चढलेला मूड आणखी चढवायला ओढत होतो मी. आणि खालच्या ओळींत झोप: सात, साडेपाच, चार. पुढच्या पंधरवड्यात मूड उणे चार.

नंतर कळलं की हे माझ्या एकट्याचं नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायपोलर असलेल्या २४ जणांनी सहा दिवस, दिवसातून अनेकदा, आपल्या मूडची आणि गांजाची नोंद ठेवली. मूड चांगला असताना ओढण्याची शक्यता वाढत होती, आणि ओढल्यावर मॅनियाची (मूड फार चढणं, झोप कमी होऊनही उत्साह) आणि डिप्रेशनची, दोन्हीकडची लक्षणं वाढत होती. मन सावरायला लोक ओढतात, असं त्या नोंदींत दिसलं नाही.

म्हणून म्हणतो, बायपोलर असलेल्याने गांजा सोडावा. तासाभराचा आराम खरा असतो. पण हिशोब पंधरा दिवसांचा मांडून बघा.

आडवाट:
२४ माणसं, सहा दिवस. एवढ्यावर सगळ्यांना "सोडा" म्हणायचं?

मलाही बायपोलर आहे, टाइप १, म्हणजे चढ तीव्र असलेला. मूड स्थिर ठेवायला लिथियमची गोळी घेतो आणि त्याची किंमत जाणतो. सही करताना पेन थरथरतं. दोन वर्षांत अकरा किलो वजन वाढलं. रात्री दोन झुरके घेतले की डोक्यातला गोंगाट बसतो आणि मी झोपतो. ग्रिनस्पून आणि बाकलार या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये अशाच रुग्णांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या होत्या, गांजाने मूड सावरतो असं सांगणाऱ्या. २०१० च्या नॉर्वेच्या अभ्यासात तर गांजा ओढणारे बायपोलर रुग्ण बुद्धीच्या काही चाचण्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. हे कुणी का सांगत नाही?

आणि डॉक्टरांचं म्हणाल, तर मी खरं बोललो तेव्हा "आधी ते बंद करा, मग बघू" एवढंच ऐकलं. का ओढतोस, हे विचारलंच नाही. तेव्हापासून मी सांगणंच सोडलं.

धाकटी:
आडवाट, तुमचं डॉक्टरांबद्दलचं वाचून वाईट वाटलं, कारण आमच्या दादाचंही तसंच झालं. पण पुढचंही ऐका.

दादाने गोळ्या हळूहळू बंद केल्या, गांजा ठेवला. त्याच्या हिशोबाने एकाची जागा दुसऱ्याने घेतली होती. एका पहाटे तीन वाजता आवाजाने जाग आली. सायकल पूर्ण उघडून हॉलभर मांडलेली, प्रत्येक सुटा भाग वर्तमानपत्रावर, त्याखाली खडूने आकडे. डोळे चमकत होते. म्हणाला, "बघ गं, आज पहिल्यांदा सगळं स्पष्ट दिसतंय." पाच रात्री तो झोपला नव्हता. सहाव्या दिवशी दवाखान्यात भरती करावं लागलं.

गांजानेच झालं असं मी म्हणणार नाही, गोळ्याही सुटल्या होत्या. पण तो चढत होता तेव्हा त्याला स्वतःला ते आरामच वाटत होतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, आतल्याला नाही. आम्ही घरचे बोलायला लागलो की मात्र "तुम्हाला काय कळतं".

औषधवाला:
रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. नैतिकतेत न शिरता तीन गोष्टी सांगतो, कारण त्या फार कमी जणांना माहीत असतात.

गांजा ओढल्यावर धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक एंझाइम जोरात काम करू लागतं आणि ओलांझापिन, क्लोझापिन ही मनाच्या आजारांवरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणजे गोळी तीच, रक्तातलं प्रमाण कमी. उलट, धूर एकदम थांबला की तेच प्रमाण वाढतं आणि माणूस दिवसभर पेंगतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना माहीत असायला हवं.

दुसरं, सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) याचं तेल म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडा. व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीसोबत घेतलं तर यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात. मॅनियात त्याचा उपयोग होतो का, हे २०१० मध्ये दोन रुग्णांवर पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता.

तिसरं, १९९८ च्या हकिगतींतला गांजा आणि आजचा गांजा यात फरक आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांत टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण १९९५ ला सुमारे ४ टक्के होतं, २०१४ ला सुमारे १२.

आडवाट:
ओलांझापिनचं खरंच माहीत नव्हतं. मला ते रात्री लिहून दिलंय, आणि "असर कमी पडतोय" म्हणून मध्ये डोस वाढवला होता. हे एकदाही कुणी जोडून पाहिलं नाही. मीही सांगितलं नव्हतं, हेही खरंच.

तरीही माझा मुद्दा राहतो. ज्याला आधीच मॅनियाकडे ओढ असते तोच जास्त ओढत असेल, तर दोष गांजाचा कसा?

कोराकागद:
हा प्रश्न रास्त आहे. २०१५ च्या एका आढाव्यात गांजा ओढणाऱ्यांत नव्याने मॅनियाची लक्षणं दिसण्याची शक्यता साधारण तिप्पट आढळली. असे अभ्यास मोजकेच आहेत, आणि फक्त गांजामुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मला ते कोर्टात सिद्ध करायचं नाहीये. माझ्या वहीत दर वेळी आधी गांजा वाढला, मग झोप तुटली. मला तेवढं पुरलं.

सोडायचं ठरवलंत तर एकट्याने, एका रात्रीत नको. रोज ओढणाऱ्याची झोप सोडल्यावर पहिल्या आठवड्यात पार उडते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात. आपल्या आजारात झोप उडणं म्हणजे आगीजवळ रॉकेल. मी बाईंना सांगून हळूहळू कमी केलं, झोपेची सोय आधी करून.

आडवाट:
सोडतो असं म्हणत नाही. पण वही ठेवून बघतो. आजची पहिली नोंद: काल झोप साडेचार तास. मूड अधिक दोन म्हणा. गोळ्या घेतल्या. गांजा तीनदा.

धाकटी:
साडेचार? आणि आज दिवसभर थकवा होता का?

आडवाट:
नाही. उलट फार दिवसांनी इतकं ताजं वाटतंय.

धाकटी:
परवाची रात्र?

आडवाट:
पाच असेल. त्याच्या आदल्या दिवशी सहा.

कोराकागद:
आडवाट, हा वाद आपण नंतर घालू. डॉक्टरांना आत्ता फोन करा, आणि तिन्ही आकडे जसेच्या तसे सांगा. गांजाचाही. घरी कुणी आहे का सोबत?

आडवाट:
आई आहे. लावतो फोन.